पारासमोर पडलेली फटफटी

फटफटी माझ्या डाव्या पायावर पडली होती आणि पोरगी रडत नव्हती.

पायाचं मला काही वाटत नव्हतं. पोरगी माझ्या छातीशी जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने बांधलेली होती. तीन महिन्यांची होती. तिच्या आधीची दोन सव्वा महिन्याच्या आतच गेली होती, ही तिसरी. पाय अडकल्यामुळे मला वळता येईना आणि तिचं तोंडही दिसेना. सगळीकडे फुफाटा उडाला होता. कापसाच्या गाड्यांनी वाट दळून पिठासारखी केलेली, त्यात आम्ही पडलो होतो.

माझे मालक विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर लवकर पोचता यावं म्हणून त्यांनी नवापूरहून जुनी फटफटी आणली होती, लढाईतली. त्या दिवशी ते मला माहेराहून, कळसाडीहून, सासरी न्यायला आले. बैल कापूस वाहण्यात गुंतलेले होते, म्हणून गाडी नाही, फटफटी. माझी आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाळंतीणले यान्हावर बसाडशात?"

मालक म्हणाले, "बैलगाडीपेक्षा जोरात नेणार नाही."

आणि खरंच नेलं नाही. वाटेत कुत्री बाजूने चालत येत होती आणि आमच्याआधी दमत नव्हती. एका गाडीवानाने मागे वळून विचारलं, "बिघडनी का?" एवढी सगळी वाट नीट आलो आणि आमच्याच गावात, पारासमोर पडलो.

पारावर सासरे आणि दोन म्हातारे बसले होते. आमच्याकडे वडीलधारी माणसं बसलेली असली की त्यांच्यासमोरून कुणी वाहनावर बसून जात नसे. घोडा असो, गाडी असो, खाली उतरायचं आणि चालत पुढे जायचं. सायकलवरून मालक टुणकन उतरायचे. फटफटीवरूनही ते तसेच उतरायला गेले. मागे मी बसलेली, म्हणून त्यांनी पाय पुढून काढला. त्याच वेळी मी सीटची कडी धरलेला हात सोडून पदर ओढला, कारण सासऱ्यांना तोंड दिसता कामा नये. दोघांनी एकदमच मान ठेवला आणि फटफटी आडवी झाली.

सासरे धावत आले. मालक फटफटी उचलू लागले, पण ती जड, त्यांच्या एकट्याने हलेना. सासरे माझ्या पायाकडे वाकले. चार वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा बोलले, उघड्या तोंडाने.

"मामा, पयले पोरले काढा. मन्हा पाय ऱ्हाऊ द्या."

त्यांनी लुगड्याची गाठ सोडली, पोरगीला पालथी हातावर घेतलं आणि तिच्या तोंडात बोट घातलं. मातीचा ओला गोळा निघाला. त्यांनी पुन्हा बोट घातलं. मग ती रडली, आणि थांबेचना.

पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "आवाज ते इंजिनना शे."

मग पोरगी त्याच्या हातात देऊन बाकीच्या तिघांनी मिळून फटफटी उचलली. सासऱ्यांनी मालकांना विचारलं, "उतराले कोणी सांगं?"

"तुम्ही बसेल व्हतात," मालक म्हणाले.

"मंग बठीसनच जाय. आते कोणीच उतरानं नही."

अशी आमच्या गावातली पिढ्यांची रीत एका फटफटीपुरती मोडली. बाकी वाहनांना ती पुढेही होती.

माझा पाय दीड महिना बांबूच्या कामट्यांत बांधून ठेवला होता. हाड जुळलं, जरा वाकडं जुळलं. मालक फटफटी आधीच हळू चालवायचे, नंतर आणखी हळू चालवू लागले. पारासमोर आले की मान खाली घालायचे आणि दोन्ही पाय जमिनीवर घासत जायचे. त्यांच्या वहाणा टाचेआधी पुढून झिजायच्या.

पाय बरा झाल्यावर मीही मागे बसू लागले. आता कडी नाही, त्यांचा खांदा धरायचा, पारासमोरसुद्धा. मोठी जाऊ चुलीपुढे म्हणाली, "नवराले धरीसन बसस, लाज नही वाटत?"

मी म्हणाले, "मी पडनू ते तू उचलशी का?"

पुढच्या महिन्यात तिने आपल्या नवऱ्याला विचारलं, आपल्याकडे फटफटी कधी येणार.

मला त्या फटफटीवर बसायला आवडायचं. हळू जायची, त्यामुळे कुणाच्या शेतात कापूस किती फुटलाय ते नीट बघता यायचं.

त्या दिवशी फटफटीवर आम्ही तिघं होतो. तिघंही जगलो. पोरगीला खरचटलंसुद्धा नव्हतं.