वाळलेल्या झाडांची यादी

माझा पिंड मुळात धीराचा नाही. गॅसवर दूध ठेवलं की चार वेळा उठून बघते. अशी बाई वनरक्षक झाली, आणि तीही गगनबावड्याकडच्या डोंगरात, जिथं लाकूडतोड वर्षाच्या आराखड्यानं चालते. थंडी सरताना झाडं मोजायची, मग परवानगीची वाट बघत बसायचं आणि पावसाआधी लाकूड खाली आणायचं. पाऊस लागला की त्या वाटेवर ट्रक सोडा, माणूससुद्धा धड चढत नाही.

मी पेठ वडगावकडची, उसाच्या शिवारात वाढलेली. जंगलातली झाडं मला पुस्तकातून ठाऊक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या जंगलातल्या एका पट्ट्यात वाळलेल्या झाडांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. पद्धत सोपी होती. कोयत्यानं सालीला चीर द्यायची. आत ओल दिसली तर झाड जिवंत, ते सोडायचं. कोरडं लागलं तर घेर मोजायचा, रंगानं नंबर टाकायचा, वहीत लिहायचं. बरोबरचा वनमजूर झाडाची जात सांगायचा. यादी दुसऱ्याच दिवशी द्यायची होती आणि भरदुपारी त्याचा पाय मुरगळला. तो खाली गेला, त्याच्या कमरेचा कोयताही गेला. शेवटची सात झाडं मी एकटीनं उरकली. पान नाही म्हणजे मेलेलंच, असं धरून चालले. जातीच्या रकान्यात ‘इतर’ लिहून मोकळी झाले.

मोकळी कसली! यादी वर गेली आणि त्या सात झाडांनी माझं डोकं खायला सुरुवात केली. पुन्हा जाऊन बघावं असं रोज वाटायचं आणि रोज दुसरं काहीतरी काम काढायचे.

परवानगी एप्रिलात आली, एका सोमवारी. त्याच सकाळी जवळच्या वाडीतली एक बाई ऑफिसात आली. माझ्या आईच्या वयाची असेल.

“म्याडम, माझ्या हिरड्यावर नंबर पडलाय.”

तिचा म्हणजे कागदावर नव्हे, जंगल सरकारीच. पण कोणत्या झाडाखालचा हिरडा कुठल्या घरानं वेचायचा हे त्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नसे. हिच्या घराच्या वाट्याला ते एकच झाड होतं.

“मेलेलं न्हाय ते. दरसाल पानं झाडतंय आन् दरसाल फुटतंय. नीट बघा की जरा!”

“बघते, मावशी,” मी म्हणाले.

संध्याकाळी गेलेही. त्या सातांतलंच एक होतं. फांद्यांच्या टोकांना कोवळे, तांबूस फुटवे आले होते. नखानं एक डहाळी खरवडली, आत हिरवंगार. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. यादीतून झाड वगळायचं तर लेखी खुलासा द्यावा लागतो आणि नव्या माणसाला तो डाग परवडत नाही. माझ्या वरच्या वनपाल साहेबांना फोन करून, “या नंबरचं झाड थांबवा,” एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी फोन केला नाही. खुलासा लिहायला बसले.

मंगळवारी लिहिलं, ‘तपासणी करण्याचे राहून गेले.’ खोडलं. ‘अपुऱ्या प्रकाशामुळे’ लिहिलं. भरदुपारी कसला अपुरा प्रकाश? तेही खोडलं. ‘मजूर उपलब्ध नसल्याने’ हे बरं दिसत होतं, पण लंगडत खाली गेलेल्या माणसाच्या माथी मारवेना. बुधवारीही तेच. जेवण जाईना, खुर्चीत बसवेना. उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा तोच कागद. तोडणारी टोळी पट्ट्याच्या खालच्या अंगाला लागेल, वर हिरड्यापर्यंत पोचायला तिला आठवडा तरी हवा, असं मी स्वतःला समजावत होते.

गुरुवारी सकाळी खुलासा मनासारखा झाला. सही केली, आणि आधी टोळीला गाठावं म्हणून गाडी काढली. ट्रकला वरचा रस्ता सोयीचा म्हणून टोळीनं वरूनच सुरुवात केली होती.

हिरडा आडवा पडला होता. फुटवे अजून ताजे होते. टोळीतला एकजण कुऱ्हाड टेकून म्हणाला, “ओलं लागलं की हे, म्याडम. पर नंबर हुता, आमी काय करणार?”

ती बाई फांद्यांपाशी उभी होती. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. आमच्याकडं माणसं ओरडतातच. ती हळू आवाजात म्हणाली, “तुमी बघाय आलतासा का?”

पर्समध्ये तीन दिवस घासलेला कागद होता.

“नाही हो मावशी. वेळच मिळाला नाही.”

“व्हय, तुमच्या मागं कामं लई,” असं म्हणून तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. “आला असतासा, तर तुमी पाडूच दिलं नसतं.”