दादाच्या वाट्याच्या गोळ्या

दयाराम घरत पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो जासईच्या नाक्यावर. उजव्या पायात बूट, डाव्या पायात कुणाची तरी सैल सपात, आणि चेहऱ्यावर ‘विचारू नका’ असा भाव. न्हावा शेवा बंदरातून ट्रेलरने कंटेनर ओढणारा माणूस. पण डाव्या पायाचा अंगठा सुजून लाल झालेला. युरिक ॲसिड. क्लच दाबला की कळ थेट मस्तकात. नेहमीच्या औषधाने अंगावर चट्टे उठायचे, म्हणून तेही बंद झालं होतं.

पनवेलच्या एका दवाखान्यात नव्या गोळीचा अभ्यास चालला होता. तिथल्या डॉक्टर प्राप्तीबाईंनी त्याला नीट समजावलं. काहींना खरी गोळी मिळेल, काहींना औषध नसलेली. कुणाला कुठली, ते त्यांनाही कळणार नाही. आणि गोळ्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत. दयारामने सही केली.

हळूहळू सूज उतरली. तो पुन्हा ट्रेलरवर चढला. शेजारच्या घरात थोरला भाऊ बुधाजी मात्र त्याच दुखण्याने भिंत धरून चालत होता. मूत्रपिंड अधू, म्हणून त्याला अभ्यासात घेतलं नव्हतं.

“तुजा पाय टेकला, दया. माजा कवा?”

घरात खाडीतली मासळी, निवट्या शिजल्या तरी पहिला वाटा दादाकडे जायचा. आता गोळ्याही जाऊ लागल्या.

“मासलीचा वाटा समजला,” दयारामची बायको येसूबाई म्हणाली, “औषधाचा पन? डॉक्टरीण न्हाय बोलली ना?”

“ती परक्यांचं बोलली. दादा काय परका हाय?”

डबी लवकर संपली तसा तो स्वतःच पनवेलला गेला.

“मॅडम, या वक्ताला मोठी डबी द्या. आमी दोघं खातो.”

प्राप्तीबाईंनी दोघं म्हणजे कोण, ते विचारून घेतलं. मग त्यांनी बुधाजीला लगेच रक्त तपासायला आणायला सांगितलं. “आणि काका, तुम्हाला आता अभ्यासात ठेवता येणार नाही. ते माझ्या हातात नाही.”

“मग इकत कुठं मिलंल?”

“अजून कुठेच नाही.”

“मना दिली ती खरी व्हती, येवरं तरी सांगा.”

“मलाही ठाऊक नाही, काका.”

तो उठला, पुन्हा बसला. रागवायला कुणी सापडेना. बाईंचं चुकलं नव्हतं, आणि दादावर रागावणं त्याला जन्मात जमलं नसतं.

बुधाजीच्या रक्तात मूत्रपिंडाचं दुखणं वाढलेलं दिसलं नाही, तेवढं बरं. दयारामचा अंगठा मात्र शिमग्याच्या सुमारास पुन्हा सुजला.

सध्या त्याच्या ट्रेलरवर आगरदांड्याचा एक चालक आहे. दयाराम कंटेनर यार्डाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतो आणि गाडी आली की फाटकाची साखळी सोडतो.