खुर्चीचं बटण जान्हवीच्या हातात

जान्हवीनं माझं बोट चावलं. हातमोजा होता म्हणून रक्त निघालं नाही, पण कळ पार कोपरापर्यंत गेली.

"मॅडम, काढूनच टाका ना ती दाढ," तिची आई म्हणाली. "दुधाचीच हाय. परत येल."

मी भडकले. बारा वर्षांच्या मुलीची ती पक्की दाढ होती. सहाव्या वर्षी मागे गुपचूप उगवते, म्हणून लोकांना दुधाची वाटते. काढली की संपलं, आयुष्यभर तिथे खड्डा. रूट कॅनाल करून, म्हणजे आतली सडलेली नस काढून पोकळी भरून, ती वाचली असती. पण पोरगी तोंड उघडेल तर ना!

"घरून काय सांगून आणलंत हिला?"

"हेच, डॉक्टरीन निस्ती बघनार, काय करनार न्हाय."

"आणि याआधी कुठल्या डॉक्टरकडे नेलं असेल, तिथे?"

आईच्या आधी जान्हवीच बोलली, "तवा पन हेच सांगितलं. मंग माझे हात धरले आनि दात उपटला."

मी कपाळावर हात मारला. आईला बाहेर बसवलं आणि जान्हवीला खरं सांगितलं. सुई आहे. टोचताना दुखेल. मग जबडा बधिर होईल, मशीन फिरेल, आवाज येईल.

तिनं एकच विचारलं, "मशीन बंद कुठून होतं?"

कामतघरच्या यंत्रमागवस्तीतली पोर, घरामागेच वडिलांचे लूम. तिथे मुलांना आधी मशीन बंद करायचं बटण दाखवतात. ड्रिल आणि दिवा खुर्चीच्याच विजेवर चालतात. मी खुर्चीचा प्लग बटणवाल्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावला आणि बोर्ड तिच्या मांडीवर ठेवला. "नको वाटलं की बंद कर."

सुई टोचली तेव्हा रडली, पण चावली नाही. मग त्या बयेनं मला असं छळलं! ड्रिल दाताला लागलं की बटण बंद. मशीन बंद, वरचा दिवाही बंद. बाहेर पेशंट खोळंबलेले. माझा पारा चढत होता, पण शब्द दिला होता. हळूहळू तिचा हात थांबला.

आणि ऐन मोक्याला लाइट गेली. मी ड्रिल बाहेर घेतलं. आता ही पळणार, गेली माझी मेहनत! पोरगी हलली नाही. थोड्या वेळानं पंखा फिरला, खुर्ची मात्र ढिम्म. बोंबला, मशीन गेलं! मी वायर बघायला वाकले, तर जान्हवीनं आ वासूनच माझी बाही ओढली आणि बोर्ड दाखवला. लाइट जाताच तिनं बटण बंद केलं होतं. लाइट आल्यावर मशीन आपोआप अंगावर सुरू होऊ नये, म्हणून लूमवर असंच करतात. मग तिनंच बटण दाबलं आणि मान हलवली. करा सुरू.

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

दाढ वाचली. पुढच्या सिटिंगला तिनं बोर्ड मागितलाही नाही.

आता मी पालकांना फोनवरच बजावते, सुई असेल तर सुई आहे म्हणून सांगून आणा. निम्मे ऐकत नाहीत. त्यांच्या मुलांना मग मीच सांगते, आणि आईबाप माझ्यावर चिडतात. चिडू देत.