साडूंच्या गच्चीवर महागाईचा बंदोबस्त

जगातली महागाई ज्या एकाच माणसाने खरोखर मनावर घेतली आहे तो माणूस डोंबिवलीत राहतो आणि तो माझा थोरला साडू आहे. अर्थमंत्री येतात नि जातात, आमचे साडू मात्र जागचे हललेले नाहीत. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांना एकच गोष्ट पटली: जो देश बाहेरून तेल आणून जाळतो तो तेलाबरोबर महागाईही विकत आणतो, आणि जो आपल्याच ऊन-वाऱ्यावर वीज करतो त्याच्याकडे भाव जरा शांत राहतात. म्हणणं अगदीच चूक नसावं. पण सुटीच्या दिवशी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास शिजून माणूस ठाण्याहून येतो आणि दारातच "डेन्मार्ककडे बघा!" असं स्वागत होतं, तेव्हा आधी पाणी मागावं की माफी, ते कळत नाही.

कोथिंबिरीची जुडी घेताना ते भाजीवाल्याशी खनिज तेलावर बोलू लागतात. भाजीवाला मागच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, आणि "लोकांना मूळ प्रश्नाला हात घालायचाच नाही" असं म्हणत साडू जुडीशिवाय घरी येतात. एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावून डाळ सौरचुलीत लावली. त्या दिवशी नेमकं आभाळ. दुपार टळली तरी डाळ आपली टणक. शेवटी माझी मेहुणी, म्हणजे आमची ताई, म्हणाली, "अहो, तुमचे ते स्वस्ताईचे देश जेवतात तरी कधी?" आम्ही पोळीला लोणचं लावून घेतलं.

अखेर सोसायटीला पुरता वीट आणून साडूंनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवून घेतली. उद्घाटनाला ते हात उंचावून म्हणाले, "आजपासून आपल्या इमारतीला महागाईची झळ नाही!" टाळ्या सुरू असतानाच एरियातली लाइट गेली. लिफ्ट मधेच थांबली, आत सेक्रेटरींचे व्याही.

"सर, बाहेरची लाइन गेली की आपली सिस्टीमपण बंद होते," पॅनेल बसवणारा म्हणाला. "सेफ्टीसाठी असतं ते."

"अरे, पण डोक्यावर एवढं ऊन आहे!"

"ऊन आहे, सर."

साडूंनी उंचावलेला हात हळूच खाली घेतला.

पुढे सोसायटीचं वीजबिल खरंच उतरलं. आता मेंटेनन्स कमी करा, असं साडूंनी सभेत सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, "सर, बाकी सगळं किती महाग झालंय!" आणि वाचलेल्या पैशात गेटला ग्रॅनाइट लागला, त्यावर कमिटीची सोनेरी नावं. साडूंचं नाव त्यात नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त बोलणं कमी झालं. त्या शांततेचा आम्हाला इतका आनंद झाला, की तिचं कारण विचारायचं राहूनच गेलं.

परवा गेलो तर ते घरात नव्हते. "गच्चीवर बघ," ताई म्हणाली. सकाळच्या कोवळ्या उन्हात, पायजमा वर खोचून, दुखरा गुडघा सांभाळत साडू पॅनेलवरची धूळ आणि कबुतरांची घाण पुसत होते.

"कमिटीने माणूस नको का ठेवायला?" मी म्हणालो.

"ठेवतील हो. तोवर वीज कमी होते ना."

माझ्या ओठांवर काहीतरी खोचक आलं होतं. ते गिळलं, बाह्या वर केल्या आणि बादलीतलं दुसरं फडकं पिळून घेतलं.