वारा न लागणारी उंची

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच सहलीला निघालो, तेही लेकीच्या हट्टामुळे. तिने जयपूरची तिकिटं काढली आणि आम्हाला न विचारता बलूनच्या फेरीचंही ठरवून टाकलं. "काही कर, पण बाबांना घराबाहेर काढ," ती फोनवर म्हणाली.

तिचं खरं होतं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं आणि आमची रावेरकडची केळीची बाग आडवी झाली. घड लागलेली झाडं, सगळी एकाच अंगावर निजलेली. ह्यांनी माणसं लावून बाग साफ केली, पुन्हा लागवड केली. पण वादळाबद्दल चकार शब्द काढला नाही. जरा पानं सळसळली की हातातला घास ताटात ठेवून बाहेर जायचे.

जयपूरबाहेरच्या मैदानात उजाडताना तो प्रचंड फुगा आगीच्या भपक्याने हळूहळू उभा राहिला. खाली वेताची टोपली. मी मूळची धुळ्याची. सासरी येऊन बोली बदलली, पण घाबरले की माहेरचीच तोंडात येते.

"माले भ्याव वाटस," मी म्हटलं.

हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग मला दंडाला धरून आत चढवलं.

धक्का असा बसलाच नाही. जमीनच खाली खाली गेली. मी एका हाताने टोपलीची कड आणि दुसऱ्याने ह्यांची बाही धरून डोळे मिटून उभी होते.

"वारा लागतच नाही व," हे म्हणाले.

खरंच, माझा पदरही हलत नव्हता. बलून चालवणारा म्हणाला, "आपण वाऱ्याबरोबरच चाललोय ना, म्हणून."

हे टोपलीच्या कडेवरून वाकले. मग खाली बघतच बोलले, "त्या दिवशी मी बागेतच होतो."

मी डोळे उघडले. मला सांगितलं होतं, वादळात सावद्याला मित्राकडे अडकलो म्हणून.

"झाडं मोडायचा आवाज येत होता, एकामागून एक. मी पाटाच्या चारीत पडून राह्यलो, डोक्यावर हात घेऊन."

"आणि काही झालं असतं तर?" माझा आवाज चढला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

मला राग आला आणि रडूही आलं. चालवणाऱ्याने समजून पाठ फिरवली. मी बाही सोडून ह्यांचा हात धरला. पुढे हे बोलतच राहिले. चिखलाचं, विजेचं, उठल्यावर घराची वाट कशी सापडेना त्याचं.

बाजरी काढलेल्या एका शेतात आम्ही उतरलो. टोपली कलंडली, आम्ही एकमेकांवर पडलो. शेतमालक धावत आला. जरा वेळाने बघते तर हे त्याच्याबरोबर उकिडवे बसून ढेकूळ फोडून बघत होते, हातवारे करून काहीतरी विचारत होते.

त्याची बायको माझ्यासाठी चहा घेऊन आली. "वरून आमचं घर कसं दिसलं?" तिने मोठ्या हौसेने मोडक्या हिंदीत विचारलं.

मी घर पाहिलंच नव्हतं. डोळे उघडले तेव्हापासून ह्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

"फार छान दिसलं," मी म्हटलं आणि चहा घेतला.