तणमोराची उडी

अकोल्याच्या कचेरीत मी कारकून होतो आणि रविवारी गावाबाहेरच्या कुरणात पक्षी बघत हिंडायचो. त्या श्रावणात तिथे तणमोर आला होता. कोंबडीएवढा हा पक्षी कमरेएवढ्या गवतात एरवी दिसत नाही. पण मादीला बोलवायला नर सरळ वर उडी मारतो, क्षणभर गवतावर दिसतो आणि पुन्हा आत पडतो. चार रविवार चिखलात बसून मी एक गोष्ट वहीत टिपली होती : तो दर वेळी त्याच जागेवरून उडतो.

कचेरीत माझ्या या नादाला सगळे हसायचे. एकट्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली आणि माझी वही पानन्‌पान वाचली. मी हुरळून गेलो. त्यांना शिकारीचा शौक आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. माहीत होतं.

पुढच्या रविवारी मीच त्यांना ती जागा दाखवली. तिच्यावर बंदूक रोखून ते नुसते थांबले. तिसऱ्या उडीला बार झाला. आमचा गाडीवान म्हणाला, "बाबूजी, तुमी सायबाले कावून सांगतलं?" मी त्याला गाडी जुंपायला सांगितलं.

संध्याकाळी बंगल्यावर साहेबांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, 'आमचे पक्षितज्ज्ञ'. मग स्वतःच्या हाताने माझ्या ताटात एक तुकडा वाढला. मी तो खाल्ला. आणखी घेणार का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी ताट पुढे केलं.