विष्णूकाकांचा हुंकारा

विष्णूकाका नैरोबीला गेले तेव्हा आमचं गाव शिंदे सरकारचं होतं, परतले तेव्हा मध्यभारतात, आणि त्यांच्या ट्रंका उघडून होईस्तोवर मध्य प्रदेशात. गाव मात्र होतं तिथेच, भैरवगढच्या पुढे, नदीपलीकडे. काकू नैरोबीलाच वारल्या. एकटं राहण्यापेक्षा भावाकडे शेतावर राहीन म्हणून काका आमच्याकडे आले.

संध्याकाळी काका ओट्यावर बसायचे, गावातली माणसं गप्पांना यायची; पण हळूहळू त्यांनी यायचं सोडलं. शेजारचे गेंदालाल पटेल यायचे, हरवलेल्या बैलाची गोष्ट काढायचे, अर्ध्यात थांबायचे आणि उठून जायचे. काका बिचारे साहेबापुढे बसल्यासारखे, हात मांडीवर ठेवून, अगदी मन लावून ऐकायचे. शेवटी पटेल आईजवळ बोलले, "बाबूजी भले आदमी हे, पण लगे के भीत से बात कर रिया हूँ." भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणे.

ते काकांनी ऐकलं आणि ट्रंका पुन्हा भरायला घेतल्या. शहरात, फ्रीगंजात खोली बघतो म्हणाले. आई समजूत घालून थकली.

घोटाळा कुठे होता ते मला कळलं, कारण माझा सगळा दिवस लोकांच्या नकला करण्यात जातो. आमच्याकडे कुणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये हुंकारा द्यायचा. तो थांबला की सांगणारा समजतो, याला आता उठायचंय. आणि काकांच्या नैरोबीच्या हापिसात साहेब बोलताना मध्ये हूं केलं तर तो उद्धटपणा.

मी काकांना ट्रंकेवर बसवलं आणि सुरू झाले. पटेलांचा हुंकारा नाकातून येतो, विहिरीत बादली बुडाल्यासारखा. दूधवाल्या गंगाबाईचा वर चढतो, जणू तिला सगळं आधीच ठाऊक होतं. आईचा पोळी उलटता उलटता. काका हसले, आल्यापासून पहिल्यांदाच. मग स्वतः करून बघितला, "हूं." कागदावर सही ठोकल्यासारखा निघाला.

दुसऱ्या दिवशी पटेल दोरखंड मागायला आले. मी मुद्दाम बैलाचं विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच काका म्हणाले, "हूं."

पटेलांनी वळून बघितलं. दोरखंड खाली ठेवला, बसले, आणि बैल जत्रेत सुटला तिथपासून परत सुरुवात केली.

गोष्टीतला बैल सापडल्यावर काका पुढे सरकले. "पटेलसाब, मुझे भी कुछ बताना हे," म्हणाले आणि काकूंच्या शेवटच्या दुखण्याचं सांगू लागले. आम्हालाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. हिंदीतून मराठीत शिरले आणि एका जागी अडले. तिथे पटेलांचा हुंकारा आला, हळूच. काका पुढे गेले.

सगळ्यांच्या नकला करते मी. तेवढा एक हुंकारा कुणाला करून दाखवत नाही.

ट्रंकांत आता आईने हरभरा भरलाय. आणि ती चुलीशी स्वतःशीच काही पुटपुटत असली, तरी ओट्यावरून काका हुंकारा देतात.